दोरा, पाच नट आणि गॅलिलिओची गावं

पहिला दिवस : पिसा

गल्ली वळली आणि हिरवळीच्या पलीकडे पांढरा मनोरा एकदम समोर आला. हजार वेळा चित्रात पाहिलेला, तरी प्रत्यक्षात त्याचा कल बघून पाय आपोआप थांबतात. भाचीनं खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं, टोकाला एक लोखंडी नट बांधला आणि हात लांब करून दोरा डोळ्यांसमोर धरला. गवंडी ओळंबा धरतात ना, अगदी तसा. नट डुलून स्थिर झाला. दोरा सरळ खाली, आणि मनोऱ्याची कड वर जाता जाता दोऱ्यापासून दूर दूर.

हा दोरा आणि पाच नट घरून निघतानाच बरोबर घेतले होते. भाची पंधरा वर्षांची. बल, त्वरण, जडत्व हे शब्द तिला पाठ आहेत, पण तिची तक्रार अशी की ते पुस्तकात राहतात, हाताला लागत नाहीत. म्हणून ठरवलं की ज्या गावांत हे शब्द घडले त्या गावांतून पाच दिवस हिंडायचं, आणि जमेल ते हातानं करून बघायचं.

मनोऱ्याचा कल आज साधारण 4 अंश आहे. म्हणजे मीटरभर वर गेलं की कड ओळंब्यापासून सुमारे 7 सेंटीमीटर बाजूला. उंची सुमारे 56 मीटर, वजन साडेचौदा हजार टनांच्या आसपास. बांधकाम 1173 मध्ये सुरू झालं आणि मऊ जमिनीमुळे पहिले काही मजले होईतोच एक बाजू खचू लागली.

"मग पडत का नाही?" भाचीनं विचारलं.

साऱ्या मनोऱ्याचं वजन एका बिंदूत एकवटलंय असं धरलं, तर त्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा कुठे टेकतो ते बघायचं. तो पायाच्या आत टेकला तर उभं राहता येतं. इथे गुरुत्वमध्य मधल्या रेषेपासून जेमतेम दीड-दोन मीटर सरकलाय, म्हणजे अजून बराच आत. खरी भीती होती ती खालच्या मातीची. 1990 मध्ये मनोरा लोकांसाठी बंद केला. उचललेल्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूला शिशाचे शेकडो टन ठोकळे ठेवले. सीसॉवर वर गेलेल्या बाजूला कुणी बसावं तसं. मग त्याच बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढली. माथा सुमारे 45 सेंटीमीटर मागे आला आणि डिसेंबर 2001 मध्ये दारं पुन्हा उघडली. एवढ्या मोठ्या वास्तूला धक्का न देता, फक्त वजन कुठे पडतंय हे ओळखून मागे आणलं, याचं मला मनोऱ्यापेक्षाही जास्त अप्रूप वाटतं.

पाठीवरची पिशवी खाली ठेवून वर चढलो. जिना गोल फिरत जातो, आणि कल तिथे डोळ्यांना नाही, पायांना कळतो. अर्ध्या फेरीत शरीर आतल्या भिंतीकडे झुकतं, पुढच्या अर्ध्या फेरीत बाहेरच्या. संगमरवरी पायऱ्याही तशाच झिजल्यात, कधी एका कडेला, कधी दुसऱ्या. इतक्या शतकांची पावलं जिथे जिथे वजन पडलं तिथे तिथे उमटलेली.

वर वारा होता. इथूनच गॅलिलिओनं दोन गोळे सोडले, अशी गोष्ट. ती सांगितली त्याचा शिष्य विव्हियानी यानं, गुरूच्या मृत्यूनंतर. इतिहासकार तिच्याबद्दल साशंक आहेत. मात्र सायमन स्टेव्हिन या गणितज्ञानं नेदरलंड्समध्ये शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दसपट जड, तीस फुटांवरून फळीवर टाकले आणि दोन्हींचा आवाज एकच आला, हे त्यानं स्वतः 1586 मध्ये छापलंय.

गॅलिलिओचा खरा घाव विचारांचा होता. जड दगड जोरात पडतो आणि हलका सावकाश, असं मानू. आता दोघांना एकत्र बांधा. हलका दगड जड दगडाला मागे खेचणार, म्हणून जोडी मधल्या वेगानं पडेल. पण जोडी तर दोघांपेक्षा जड, म्हणजे ती सगळ्यात जोरात पडायला हवी. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. सुटका एकच, वजनाचा पडण्याच्या वेगाशी संबंध नाही.

भाची कठड्याशी बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, "मामा, हे तर न टाकताच कळतं."

हवा मात्र मध्ये येते, आणि हे गॅलिलिओलाही ठाऊक होतं. पुढे त्यानं लिहिलं की शंभर हात उंचीवरून टाकले तर मोठा गोळा लहान गोळ्याच्या फार तर दोन बोटं पुढे असेल, ॲरिस्टॉटलच्या हिशेबानं मात्र शंभरपट जड गोळा टेकेल तेव्हा लहान गोळा एकच हात उतरलेला असेल, तर त्या दोन बोटांमागे ही नव्व्याण्णव हातांची चूक लपवू नका. हवा नसेल तर दोन बोटांचाही फरक नाही. 2 ऑगस्ट 1971 रोजी अपोलो 15 चा डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभा राहिला, एका हातात हातोडा, दुसऱ्यात ससाण्याचं पीस. दोन्ही एकदम सोडली, दोन्ही एकदम धुळीत टेकली.

खाली येताना हिशेब केला. माथ्यावरून काही पडलं तर जमिनीला टेकायला हवा सोडून साधारण 3.4 सेकंद, आणि टेकताना वेग ताशी 120 किलोमीटरच्या घरात. सेकंदकाटा नसलेल्या काळात एवढ्या घाईची घटना मोजणार कशी? हा प्रश्न आम्ही तसाच खिशात घालून झोपलो.

दुसरा दिवस : पिसा

सकाळी कॅथीड्रलमध्ये. मधल्या दालनात उंच छतापासून लांबलचक दोरावर कांस्याचा मोठा दिवा लटकतो. विद्यार्थी गॅलिलिओनं 1583 मध्ये झुलता दिवा आपल्या नाडीच्या ठोक्यांवर मोजला, अशी आख्यायिका. हा दिवा इथे टांगला 1587 मध्ये. म्हणजे गोष्टीतला दिवा हा नव्हे. पण याच छताखाली, याच गावात जन्मलेल्या त्या मुलाला झुलणाऱ्या वस्तूत ताल दिसला, एवढं मला पुरतं.

खोलीवर परतल्यावर आमचा ओळंबाच लंबक झाला. टेकूपासून नटाच्या मध्यापर्यंत दोरा 25 सेंटीमीटर. भाचीनं थोडासा झोका दिला, मी फोनवर वेळ लावली. दहा झोके, जाऊन परत आला की एक, 10.1 सेकंद. पुन्हा, 10 सेकंद. मग दोरा मीटरभर केला, चौपट. वेळ चौपट होईल असा तिचा अंदाज होता, झाली दुप्पट, 20 सेकंद. लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात.

एका नटाऐवजी दोन नट शेजारी शेजारी बांधले. वेळ तीच. इथे मात्र ती अडली. "दुप्पट जड, तर पृथ्वी दुप्पट ओढणार ना?"

ओढतेच. पण दुप्पट वस्तुमानाला हलवायलाही दुप्पट बल लागतं. ओढ आणि आडमुठेपणा दोन्ही बरोबरीनं वाढतात आणि त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, जिथल्या तिथे राहतं, सेकंदाला 9.8 मीटर प्रतिसेकंद. काल मनोऱ्यावर गोळ्यांचं जे उत्तर, तेच आज दिव्याचं. तिनं दोन्ही नट तळहातावर घेतले, एकदा हात वरखाली करून वजन तोललं, आणि मग आडवा झटका देऊन पाहिला. वजन आणि जडत्व, म्हणजे तो आडमुठेपणा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या झटक्यात कळतं.

दोरा पुन्हा 25 सेंटीमीटर केला आणि झोका मोठा दिला, ओळंब्यापासून जवळजवळ साठ अंशांचा. दहा झोक्यांना पाऊण सेकंद जास्त लागला. झोका कितीही मोठा असो, वेळ सारखाच, असं गॅलिलिओला वाटत होतं. ते लहान झोक्यांपुरतंच खरं. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सनं 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ केलं तेव्हा त्याला ही अडचण सोडवावी लागली.

संध्याकाळच्या गाडीनं फ्लॉरेन्स.

तिसरा दिवस : फ्लॉरेन्स

आर्नो नदीच्या काठावर, उफित्सी या चित्रसंग्रहालयाला लागून, म्युझिओ गॅलिलिओ हे संग्रहालय. लोकांची गर्दी होते ती काचेच्या घुमटातल्या बोटाजवळ. 1737 मध्ये गॅलिलिओचे अवशेष सांता क्रोचे चर्चमधल्या थडग्यात हलवताना त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट काढून ठेवलं गेलं. शेजारी त्याच्या दोन दुर्बिणी आहेत, तडा गेलेलं भिंग आहे. आम्ही ते पाहिलं, पण आम्हाला ओढ होती पुढच्या दालनातल्या लाकडी उतरणीची.

ही उतरण गॅलिलिओची नाही, त्याच्यानंतर बऱ्याच काळानं शिकवण्यासाठी केलेली. लांब तिरकी पट्टी, तिच्यावर वाटेत लहान लहान घंट्या, आणि सोबत एक लंबक. वरून गोळा सोडला की तो घरंगळत जाताना एकेक घंटी वाजवतो. घंट्या सारख्या अंतरावर नाहीत. पहिल्या टप्प्याला 1 भाग, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 5, चौथ्याला 7. आणि तशा ठेवल्या की ठोके सारख्या वेळानं येतात.

परवा खिशात ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच. पडणं मोजता येत नाही कारण ते फार घाईचं, मग पडण्याला सावकाश करा. उतरणीवर गुरुत्वाची पूर्ण ओढ कामाला येत नाही, तिचा उतरणीच्या दिशेतला तुकडाच येतो. उतार जितका मंद तितका तुकडा लहान. पण नियम बदलत नाही, फक्त ताणला जातो. 1638 मध्ये छापलेल्या पुस्तकात गॅलिलिओनं आपली मांडणी सांगितलीय. सुमारे बारा हात लांब तुळई, तिच्या कडेवर बोटाहून जरा रुंद खोबण, आत घोटलेलं चर्मपत्र, आणि कांस्याचा गुळगुळीत गोळा. घड्याळ म्हणजे पाण्याचं भांडं. गोळा सुटला की बारीक नळीतून पाणी पेल्यात पडू द्यायचं, गोळा पोचला की थांबवायचं, आणि पाणी तराजूत तोलायचं. वेळ वजनात मोजलेली! हे शंभर शंभर वेळा केलं असं तो लिहितो. घर्षण कमी करायला खोबणीत चर्मपत्र डकवणारा तो हात मला त्या काचेतल्या बोटापेक्षा जास्त जवळचा वाटतो.

संग्रहालयातला गोळा काही आपण सोडू शकत नाही. म्हणून रात्री खोलीवर आमची उतरण, दोऱ्याची. पाच नट दोऱ्यावर बांधले. पहिला अगदी टोकाला, बाकीचे त्याच्यापासून 10, 40, 90 आणि 160 सेंटीमीटरवर. जमिनीवर पत्र्याचा ट्रे उपडा ठेवला. भाची स्टुलावर चढली, टोकाचा नट ट्रेला जेमतेम टेकवला, दोरा ताठ धरला आणि सोडला.

ट-ट-ट-ट. चार ठोके, दोन ठोक्यांमधला वेळ सारखा. जेमतेम अर्ध्या सेकंदाचा खेळ, पण कान फसत नाही.

मग नट सोडवून सारख्या अंतरावर बांधले, 40-40 सेंटीमीटर. या वेळी ठोके जवळ जवळ येत गेले, टप्पा खाणारा चेंडू शेवटी येतो तसे. ती पुन्हा पहिल्या मापांवर आली, पुन्हा सोडलं, डोळे मिटून. "10, 40, 90, 160. म्हणजे 1, 4, 9, 16 चे दहापट. वर्ग!" आणि मधले फरक 1, 3, 5, 7. दुपारच्या घंट्या. अंतर वेळेच्या वर्गानं वाढतं हे वाक्य तिनं शाळेत लिहिलं असेल कितीदा, पण ते कानानं ऐकलं पहिल्यांदा.

चौथा दिवस : आर्चेत्री

सकाळी सांता क्रोचे. मायकेलअँजेलोच्या समोरच्या बाजूला गॅलिलिओचं थडगं, मृत्यूनंतर 95 वर्षांनी मिळालेलं. शेजारच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याचे गतीविषयीचे कागद जपलेत. त्यांतल्या सुमारे 1608 च्या एका पानावर टेबलावरून घरंगळून खाली पडणाऱ्या गोळ्यांच्या वाटा रेखलेल्या आहेत. आडवी गती आपली आपण चालू, उभं पडणं आपलं आपण चालू, आणि दोघांच्या बेरजेतून वक्र वाट. ते पान पाहायला मिळालं नाही, भिंतीबाहेरूनच नमस्कार केला.

मग नदी ओलांडून आर्चेत्रीची चढण धरली. कोस्ता सान जोर्जो हा रस्ता चांगलाच उभा आहे. दगडी फरशी, दोन्ही बाजूंना भिंती, पुढे ऑलिव्हची झाडं. अर्ध्या वाटेत दम खात भाचीनं विचारलं, "चालताना आपल्याला पुढे कोण ढकलतं?"

"तुला काय वाटतं?"

"मीच. माझे पाय."

पाय तर फरशीला मागे ढकलतात. तुला पुढे ढकलते ती फरशी. तेवढ्याच बलानं, उलट दिशेला. घर्षण नसतं तर पाय मागे सटकले असते आणि ती जागच्या जागी राहिली असती. एरवी घर्षणाला आपण शत्रू समजतो, चर्मपत्र लावून त्याला घालवतो, पण त्याच्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. ती काही पावलं मुद्दाम हळू, तळवा कसा मागे रेटतो ते बघत चालली.

वर पियान देई जुल्लारी रस्त्यावर व्हिला इल जोयेल्लो, गॅलिलिओचं शेवटचं घर. दर्शनी भिंतीवर गॅलिलिओचा अर्धपुतळा. आत जायला आधी नोंदणी लागते, ती आम्हाला मिळाली नव्हती. पृथ्वी फिरते म्हटल्याबद्दल 1633 मध्ये शिक्षा झाल्यावर 8 जानेवारी 1642 ला मृत्यू येईपर्यंतचा काळ त्यानं जवळजवळ सारा इथेच नजरकैदेत काढला. जवळच्याच मठात त्याची मुलगी मारिया चेलेस्ते होती, ती 1634 मध्ये गेली. पुढे त्याची दृष्टीही गेली. आणि याच घरात त्यानं गतीचं पुस्तक पुरं केलं, जे इटलीत छापता येईना म्हणून हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं. तरुणपणी मोजलेलं सारं म्हाताऱ्यानं इथे बसून लिहून काढलं. मला त्या बंद दारापुढे काही बोलता आलं नाही. भाचीनं कुंपणाच्या भिंतीवरून दोरा सोडला, नट स्थिर होईपर्यंत वाट पाहिली आणि गुंडाळून ठेवला.

पाचवा दिवस : गाडीत, आणि पादुआ

फ्लॉरेन्सहून बोलोन्याकडे वेगवान गाडी निघाली आणि थोड्याच वेळात बोगदे सुरू झाले. ॲपेनाइन डोंगरांखालून जाणारा हा मार्ग बहुतेक बोगद्यांचाच. खिडकीत काळोख, त्यात आपलेच चेहरे. डब्यातल्या पडद्यावर वेग ताशी 300 च्या जवळ.

गॅलिलिओनं 1632 च्या पुस्तकात वाचकाला जहाजाच्या बंद खोलीत नेलंय. फुलपाखरं उडताहेत, टांगलेल्या बाटलीतून थेंब खालच्या भांड्यात पडताहेत. जहाज उभं असो वा संथ, सारख्या वेगानं चालत असो, आत काहीच फरक दिसणार नाही. आमची खोली यापेक्षा बंद कुठे मिळणार होती! भाचीनं टेबलापासून 30 सेंटीमीटर वर नट धरला, खाली वहीवर फुली मारली, आणि सोडला. फुलीवर. पुन्हा फुलीवर. पडायला लागलेल्या पाव सेकंदात गाडी 20 मीटर पुढे गेली होती, आणि नटही तिच्याबरोबर 20 मीटर पुढे गेला होता, कुणी न ढकलता.

इथे मी थोडा वेळ घेतला, कारण सगळ्या प्रवासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. आपल्याला जन्मापासून वाटतं की वस्तू चालती ठेवायला बल लागतं. पेडल थांबवलं की सायकल थांबते, मग दुसरं काय वाटणार? पण सायकलला थांबवतं घर्षण. गती टिकायला बल लागत नाही, ती बदलायला लागतं. मग गाडीचं इंजिन कशाला चालू? हवेचा आणि रुळांचा विरोध फेडायला. सारख्या वेगात पुढची ढकल आणि मागची ओढ बरोबर फिटतात, बाकी शून्य. अर्थात गॅलिलिओच्या मनातली न थांबणारी गती पृथ्वीच्या गोलाईला धरून जाणारी होती. ती सरळ रेषेत असते हे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं म्हटलं, आणि 1687 मध्ये न्यूटननं त्याचा पहिला नियम केला.

भाचीनं अर्ध्या मीटरचा ओळंबा सामानाच्या फळीला टांगला होता. सारख्या वेगात तो अगदी सरळ. बोलोन्या जवळ आलं, गाडीनं वेग आवरायला घेतला आणि नट हळूच पुढे सरकला. कुणी त्याला पुढे ढकललं नव्हतं. गाडी मागे रेटली जात होती, नट आपल्या वेगानं चालला होता, आणि तिरका झालेला दोराच आता त्यालाही आवरत होता. तिनं पट्टी लावली. साडेतीन सेंटीमीटर.

"अर्ध्या मीटरला साडेतीन, म्हणजे मीटरला सात." ती थांबली. "मामा, हा तर मनोऱ्याचाच कल!"

खरंच. 0.07 ला 9.8 नं गुणलं की त्वरण निघतं, दर सेकंदाला वेग सेकंदाला सुमारे 0.7 मीटरनं उतरत होता. ब्रेक लागलेला डबा आणि पिसाचा जिना, पायांना दोन्ही ठिकाणी सारखंच वाटणार. ती लगेच सीटवरून उठून वाटेत उभी राहिली, ते तपासायला.

पादुआला पोचेपर्यंत दुपार. पालात्सो बो ही विद्यापीठाची जुनी वास्तू मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते. चाळीस परदेशी विद्यार्थ्यांची चित्रं लावलेल्या दालनात एक उंच लाकडी व्यासपीठ ठेवलंय, साध्या फळ्यांचं, खडबडीत. गॅलिलिओ यावर उभा राहून शिकवत असे, असं परंपरा सांगते. 1592 ते 1610, अठरा वर्षं तो इथे होता.

इथूनच ऑक्टोबर 1604 मध्ये त्यानं व्हेनिसच्या पाओलो सार्पी या विद्वान मित्राला पत्र लिहिलं. 1, 3, 5, 7 चा नियम त्यात बरोबर आहे, पण त्यामागचं कारण चुकलेलं. पडणाऱ्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असं त्यानं धरलं होतं. वेग वेळेच्या प्रमाणात वाढतो हे कळायला त्याला पुढे काही वर्षं लागली.

बाहेर खांबांच्या चौकात आम्ही पायरीवर टेकलो. भाचीनं शेवटचा नट दोऱ्यातून सोडवला आणि चिमटीत धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"वेग अंतरावर अवलंबून असेल," ती सावकाश म्हणाली, "तर आत्ता अंतर शून्य आहे. म्हणजे वेग शून्य. वेग शून्य म्हणजे अंतर वाढणार नाही. मग मी सोडला तरी हा इथेच राहील."

"आणि वेळेवर अवलंबून असेल तर?"

"वेळ काही थांबत नाही."

तिनं चिमूट उघडली. नट टणकन फरशीवर पडला आणि खांबांच्या मधून घरंगळत गेला.